जावयाशी हवाई लढाई

फेरी पहिली

"पडलं तात्या, तुमचं शेवटचं," असं म्हणत हर्षलने जेवणाच्या टेबलावरचं अंगठ्याएवढं निळं विमान तारेच्या काडीसकट आडवं केलं.

"पडलं बा," सावळीराम म्हणाले. "काय मारलं तुम्ही, जावईबापू! कुठनं आले ते समजलंच नाय मला."

हर्षलने वही ओढली, विसाव्या ओळीत 'लाल' असं लिहिलं आणि मोजलं. निळे दहा, लाल दहा. पुन्हा मोजलं, तरी तेच. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि भाकरी थापणाऱ्या बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "तृप्ती, समतोल झाला."

"कशाचा?"

"हवाई युद्धाचा."

"बरं झालं. आता टेबल रिकामं कर, पानं घ्यायचीत."

हर्षल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नियंत्रण कक्षात काम करायचा. आठवडाभर काटे हिरव्या पट्ट्यात आहेत की नाहीत ते बघायचं आणि रविवारी नाशिक रोडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये विमानं उडवायची, असं त्याचं आयुष्य होतं. त्या अकरा जणांच्या टोळीचं नाव 'रविवार विमान मंडळ'. टेबलावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं छापलेलं कापड अंथरायचं आणि त्यावर काड्यांवर टोचलेली छोटी विमानं ठेवायची. काडीत जितके मणी तितकी विमानाची उंची. नेम लागला की नाही ते फासे सांगणार. आठ फेऱ्यांत इंधन संपतं आणि लढाईही संपते.

पण ती लढाई आधी कोणीतरी आखावी लागते, आणि खरं दुखणं तिथेच असतं. हर्षलच्या लढाईत निळ्यांकडे सहा मंद बॉम्बफेकी विमानं होती. त्यांनी मधल्या पुलावर बॉम्ब टाकून परत जायचं. लालकडे चार चपळ विमानं, त्यांनी निळ्यांना अडवायचं. आता सहा मंद आणि चार चपळ यांचं वजन सारखं आहे, हे ठरवायचं कसं? त्याला काटा नाही, मापं नाहीत. पुन्हा पुन्हा खेळून बघायचं, एवढाच इलाज.

गेल्या वर्षी हर्षलने आखलेली 'बंदरावरची धाड' अकरा मिनिटांत संपली होती. हरणाऱ्याचा चहा अजून गरम होता. तेव्हापासून मंडळात कुठलीही एकतर्फी गोष्ट झाली की लोक म्हणत, "हर्षल झालं." क्रिकेटचा सामना, सोसायटीची निवडणूक, काहीही. येत्या रविवारी वार्षिक स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि त्याची आखणी पुन्हा हर्षलकडे आली होती. गणिताचे क्लास घेणारा जीवन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "या वेळी परत हर्षल झालं, तर पुढच्या वर्षीपासून लढाया मी आखीन. हर्षलने टेबलं लावावीत. त्यात त्याचा हात चांगला आहे."

सगळे हसले. हर्षलही हसला. घरी येऊन जेवला मात्र नाही.

अशा वेळी सासरे आले, ते देवासारखे. सावळीराम सायखेड्याचे. गुडघ्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी त्यांना महिनाभर नाशिक रोडला राहायला सांगितलं होतं. व्यायाम रोज अर्धा तास, बाकी दिवस मोकळा. एका दुपारीत त्यांनी सगळे नियम तोंडपाठ केले. चाचणीला याहून चांगला माणूस कुठे मिळणार?


फेरी दुसरी (वहीतल्या काही नोंदी, जशाच्या तशा)

डाव १. मी निळे, तात्या लाल. जिंकलो.

डाव २. मी निळे. जिंकलो. निळे जड होतायत का?

डाव ४. लालना एक मणी जास्त दिला. तरी मीच जिंकलो.

डाव ७. लालना अजून एक मणी. शिवाय सूर्य त्यांच्या पाठीमागे, म्हणजे माझे डोळे दिपणार. जिंकलो. आश्चर्य!

डाव १०. लालना तिसरा मणी. अगदी शेवटच्या फेरीत जिंकलो. म्हणजे आता जवळ आलं.

डाव ११. बाजू बदलली. मी लाल. जिंकलो. लाल बरोबरीला येऊ लागले.

डाव १४. तात्यांची दोन विमानं वळताना चुकून कापडाबाहेर गेली. तात्यांना फार वाईट वाटलं. जिंकलो.

डाव १७. तात्यांना लागोपाठ चार वेळा सहा पडले. तात्या अस्वस्थ. पाणी मागितलं. तरी मीच जिंकलो.

डाव २०. लाल. जिंकलो.

एकूण: निळे १०, लाल १०. (याच्याखाली दोन रेघा. दुसरी रेघ कागद फाटेपर्यंत.)


फेरी तिसरी

शुक्रवारी दुपारी हर्षलने आखणीचा कागद मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'चाचण्या वीस. निळे दहा, लाल दहा.' दोन मिनिटांत जीवनचं उत्तर आलं, 'इतका गोल आकडा? अभिनंदन. बघू रविवारी.'

जेवणं झाल्यावर तृप्ती टेबल पुसत होती. पुसता पुसता तिने वही उचलली, चाळली, आणि फडकं हातातच राहिलं.

"प्रत्येक डावापुढे 'जिंकलो' लिहिलंयस."

"हो."

"हरलास कधी?"

"नाही ना."

"निळ्यांकडून खेळलास तरी जिंकलास. लालकडून खेळलास तरी जिंकलास."

"म्हणून तर दहा-दहा," हर्षल अभिमानाने म्हणाला.

तृप्तीने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "हर्षल, तू इंजिनिअर आहेस ना रे? लाल जिंकत नाहीयेत, निळे जिंकत नाहीयेत. जावई जिंकतोय."

पंखा फिरत होता. पलंगावर पडलेल्या सावळीरामांनी डोळे एकदम घट्ट मिटून घेतले.

"तात्या," हर्षल म्हणाला, "तुम्ही जागे आहात."

"हाय."

"तुम्ही मुद्दाम हरत होता?"

"मुद्दाम असं नाय," सावळीराम उठून बसले. "जरा मागं राहत होतो."

"वीस वेळा?"

"मंग काय करू? लेकीच्या घरी महिनाभर राहायचं, आयतं खायचं, आन वर जावयाला हरवायचं? गावात तोंड कसं दाखवू?"

"गावाला कसं कळेल?"

"मला कळंल ना."

हर्षलने डोक्याला हात लावला. सावळीरामांना त्याची दया आली आणि समजूत घालायला म्हणून ते म्हणाले, "सोपं नव्हतं बरं का, जावईबापू. त्या सतराव्या डावाला मला सारखे सहाच पडायला लागले. घाम फुटला मला. तुमचं एक विमान राहिलेलं, आन ते तुम्ही नेमकं माझ्या तोफांपुढं आणून ठेवलं. आता त्याला न मारता जावं कुठं? मंग मी लांबनं वळसा घातला, म्हटलं आपलं इंधन संपू दे एकदाचं."

"तो माझा डावपेच होता."

"असंल," सावळीराम मायेने म्हणाले.


फेरी चौथी

या फेरीत एकही विमान पडत नाही.

हर्षलने सासऱ्यांना हात जोडले. म्हणाला, "तात्या, एकदाच. मला जावई समजू नका. मनापासून हरवा." सावळीरामांनी मान डोलावली, फासे हातात घेतले, पुटपुटत खुळखुळवले आणि टेबलावर ठेवून दिले. "नाय व्हत. हातच उठत नाय."

मग हर्षल बाजूला झाला आणि त्याच्या खुर्चीत तृप्ती बसली. बापलेकीची लढाई सुरू झाली. पहिल्या फेरीत तात्यांची विमानं डावीकडे वळली, कारण समोर पोटची लेक, तिच्या वाटेत कशाला यायचं? तृप्तीची विमानं उजवीकडे वळली, कारण तात्यांचा गुडघा दुखतोय, त्यात हरायला लावू नये. दोन्ही दळं पाच फेऱ्या एकमेकांना टाळत कापडाच्या कडेकडेने फिरत राहिली. सहाव्या फेरीत चुकून दोन्ही समोरासमोर आली.

"मार ना, तृप्ती," सावळीराम म्हणाले.

"तुम्ही मारा, तात्या."

"तुझी पाळी हे."

"मी तुम्हाला देते."

"असं देता येत नाही!" हर्षल ओरडला.

पूल शाबूत राहिला, इंधन संपलं आणि दहा विमानं मानाने जमिनीवर उतरली.

"शेजारच्या काकांना बोलवू?" हर्षलने विचारलं. "त्यांना हरवाल?"

"ज्यांच्या दारात मी पाव्हणा, त्यांचे शेजारी ते."

"मग फोनवरून सासूबाईंशी खेळा. मी इथून विमानं हलवतो."

"मैनाला हरवू? मंग घरी जाऊन जेवायचं कुठं?"

"तात्या, या जगात असं कोणी आहे का, ज्याला तुम्ही खरंच हरवाल?"

सावळीरामांनी एक फासा बोटांत फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की ते वीस डावांत हर्षलने एकदाही पाहिलं नव्हतं.

"यादवला," ते म्हणाले.


फेरी पाचवी

यादव म्हणजे सावळीरामांचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. यादवला नदीकडचा तुकडा, सावळीरामांना रस्त्याकडचा. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशाचं, हे विचारलं तर दोघांचं उत्तर एकच होतं, की दुसऱ्याला जास्त गेलं.

शनिवारी सकाळी हर्षलने गाडी काढली. मागच्या सीटवर विमानांचा खोका, पुढे सासरे. सायखेड्याला पोहोचल्यावर यादवच्या ओट्यावर कापड अंथरलं गेलं. यादवने ते चहूबाजूंनी पाहिलं.

"काय हे, जावईबापू?"

"लढाई आहे, काका. तात्यांशी खेळायची."

यादवने पायातली चप्पल काढून बाजूला सारली आणि मांडी ठोकली. "त्यांना सांगा, म्हणावं या."

"त्याला सांगा, आलोय," दोन हात अंतरावर बसलेले सावळीराम म्हणाले.

हर्षलने नियम सांगितले. यादव लाल, सावळीराम निळे. पहिली फेरी झाली आणि हर्षलच्या लक्षात आलं, की आपण आजवर हवाई युद्ध पाहिलेलंच नाही. यादवच्या फाशाला काय पडलं ते बघायला सावळीराम जमिनीला गाल लावून बसत होते. सावळीराम मणी मोजताना यादव सोबत मोठ्याने मोजत होता. भावकीत कोणी मागं राहत नाही.

चौथ्या फेरीत सहाच्या सहा निळी विमानं पडली. पुलाजवळ एकही पोहोचलं नाही.

"त्यांना विचारा, चहा घ्यायचा का," यादव म्हणाला. वर मिशीत हसलाही.

"त्याला सांगा, बाजू बदल!" सावळीराम गरजले.

बाजू बदलली. आता सावळीराम लाल. तिसऱ्या फेरीतच सहाच्या सहा निळी विमानं पडली.

हर्षलने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. बंदराच्या धाडीपेक्षा दोन कमी. घरच्या दहा डावांत त्याने लालना एकेक करून तीन मणी आणि सूर्यसुद्धा देऊन टाकला होता, कारण लाल काही केल्या जिंकत नव्हते. ते आता त्याला दिसत होतं, आणि उद्या सकाळी दहा वाजता सगळ्या मंडळाला दिसणार होतं. तो ओट्याच्या कडेला जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांपुढे घडीची टेबलं येऊ लागली.


फेरी सहावी

"जावईबापू, हे वाटे कुणी पाडले?" यादवने विचारलं.

"कसले वाटे?"

"हेच. सहा याला, चार त्याला, वर तीन मणी."

"मीच."

"आन उचलले कुणी?"

"तेही मीच. आधी निळे घेतले, मग लाल."

"हात्तिच्या!" यादव म्हणाला. "असं असतंय व्हय? जो वाटे पाडतो त्यानं आधी उचलायचं नसतंय. थोरल्यानं पाडायचे, धाकट्यानं उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला म्हाईत पाहिजे, की चांगला वाटा दुसरा उचलणार हे. मंग कसा सारखा पाडतो बघा."

"हे मात्र खरं बोललास," सावळीराम म्हणाले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच थेट बोलले होते, पण लगेच हर्षलकडे वळून पुढे म्हणाले, "असं त्याला सांगा."

मग सावळीरामांनी वाटे पाडले. लालचा एक मणी काढला. थोडं लांबून पाहिलं. दुसराही काढला. सूर्य बाजूला सरकवला. पूल दोन घरं निळ्यांकडे ओढला, परत एक घर मागे नेला. बांधावरचा दगड हलवावा तसं ते एकेक हलवत होते. "झालं," म्हणून ते मागे सरले.

यादव ओट्याभोवती दोन चकरा मारून आला. वाकून पाहिलं. झटकन म्हणाला, "निळे."

"इतक्या लवकर घेतलं," हर्षल पुटपुटला.

"म्हंजे निळ्यांना जास्त गेलं," सावळीराम चिडून म्हणाले. डाव खेळायचीही गरज नव्हती, तरी ते खेळले आणि हरले.

आता वाटे यादवने पाडले. सावळीरामांना उचलायला पाच मिनिटं लागली. पुढच्या खेपेला यादवला दहा. मैनाबाई सांगायला आल्या, की जेवण गार होतंय. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. सहाव्या खेपेला यादवने लालना सव्वा मणी द्यायची तयारी दाखवली, तेव्हा हर्षलला मधे पडून सांगावं लागलं, की मणी अखंडच द्यावे लागतात.

दुपार कलली. आठव्या खेपेला सावळीराम कापडापुढे बसले आणि बसूनच राहिले. लालकडे हात नेला, मागे घेतला. निळ्यांकडे नेला, मागे घेतला.

"उचला ना, दादा," यादव म्हणाला.

"उचलतो रे."

"मंग उचला की."

"तूच घे कुठला तरी. मला काय सुधरना."

हर्षलने वही उघडली आणि कापडावरची मांडणी, मणी न् मणी, उतरवून घेतली.


फेरी सातवी

रविवारी दहा वाजता हॉल भरला होता. अंतिम सामना जीवन आणि मोहिनी यांच्यात. मोहिनी दातांची डॉक्टर, फासे टाकायच्या आधी प्रत्येक फासा उजेडात धरून बघायची. जीवनने येतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "टेबलं तूच लावलीस ना, हर्षल? सवय ठेव."

हर्षलने परवाच्या कागदाऐवजी नवा कागद वाटला. सांगितलं, "शुक्रवारची मांडणी रद्द. ही खरी."

"का? दहा-दहा होतं की," जीवन म्हणाला.

"घरगुती अडचण."

नाणं उडवलं. बाजू निवडायचा मान जीवनला मिळाला. त्याने चष्मा पुसला, कापडावर नजर टाकली, बोटांवर काहीतरी हिशेब केला. एक मिनिट झालं. तीन झाली. पाचव्या मिनिटाला त्याने खिशातून पेन काढलं. आठव्या मिनिटाला तो म्हणाला, "मोहिनी, तू घे आधी. लेडीज फर्स्ट."

मोहिनीने वाकून पाहिलं. "नको, नाणं तू जिंकलास. तूच घे."

"अगं घे ना."

"तूच घे."

हर्षल भिंतीला टेकला. शेवटी जीवनने लाल घेतले, तेही डोळे मिटून बोट ठेवून. आठव्या फेरीपर्यंत सामना चालला. चहा दोनदा गार झाला. शेवटी आकाशात जीवनचं एक आणि मोहिनीचं एक, अशी दोनच विमानं उरली. एका फाशाने पुलावर बॉम्ब पडला आणि मोहिनी जिंकली.

टाळ्या वाजल्या. टाळ्या संपायच्या आत जीवन हर्षलच्या अंगावर आला.

"निळ्यांना जास्त दिलंस! तो पूल एक घर त्यांच्याकडे आहे. सरळ दिसतंय!"

"काय?" मोहिनी ट्रॉफी काखेत मारून मधे घुसली. "निळ्यांना जास्त? माझी पाच विमानं पडलीयत. तुम्ही लालना जास्त दिलंय, हर्षल. मी जिंकले ते माझ्या हिमतीवर!"

"एक मणी जास्त मिळाला असता तर मी..."

"एक मणी आधीच जास्त आहे तुझ्याकडे!"

मंडळाचे दोन तट पडले. अर्धे म्हणत होते निळ्यांना झुकतं माप, अर्धे म्हणत होते लालना. "हर्षल झालं" असं मात्र एकही जण म्हणत नव्हता, कारण कुठल्या बाजूने झालं हेच ठरत नव्हतं. हर्षलने दोन्ही तक्रारी शांतपणे, अगदी कौतुकाने ऐकून घेतल्या. बाजूला ठेवलेली बिस्किटांची बशी ओढली आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदाच पोटभर खाल्लं.


फेरी आठवी

मग गॅलरीत जाऊन त्याने सायखेड्याला फोन लावला. सावळीराम शनिवारी रात्री तिकडेच राहिले होते. पलीकडून कडकड असा आवाज आला.

"तात्या, काय चाललंय?"

"काय नाय. यादवनं ओट्यावर खडूनं घरं आखली. विमानं नव्हती, तर शेंगा ठेवल्या. पडलं विमान की खाऊन टाकायचं. तुमचं काय झालं?"

"भांडतायत दोघं."

"अरं बापरे. कशावरनं?"

"दुसऱ्याला जास्त मिळालं म्हणून. जिंकली तीसुद्धा तेच म्हणतेय."

"दोघंबी तेच म्हणत्यात?"

"अगदी दोघंही."

"मंग सुटलो!" सावळीराम मोठा श्वास सोडून म्हणाले. "दोघंबी म्हणत्यात ना दुसऱ्याला जास्त गेलं? मंग वाटणी बरोबर झाली, जावईबापू..."

आणि ते एकदम थांबले. नदीकडून कुठूनतरी बगळ्यांचा आवाज येत होता. हर्षलने दोनदा "तात्या?" म्हणून हाक मारली.

"काय म्हणत्यात जावई?" मागून यादवचा आवाज आला.

"काय नाय," सावळीराम म्हणाले. "तू खेळ. तुझी पाळी हे."